अडलेली ओळ

मी कवळ्या बनवतो. गणिताचं आणि माझं शाळेपासूनच वाकडं. पन्नाशीनंतर, साच्यातलं प्लॅस्टर सुकेपर्यंत वेळ जाईना म्हणून वाचनालयातलं एक पुस्तक उघडलं आणि पुरता अडकलो.

एक आणि स्वतः यांखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या मूळ संख्या कधी संपतात का? समजा, संपतात. मग त्या सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या एकीनेही भाग जात नाही. म्हणजे यादी अपुरी, म्हणजे जे समजलो तेच खोटं. शेवटची मूळ संख्या चार ओळींत नाहीशी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं समजावून सांगितलं. "बरं, मग?" ती म्हणाली. मला ते फार लागलं.

कारखान्यातला पॉलिशवाला मला 'प्रोफेसर' म्हणून सगळ्यांना हसवायचा. एकदा गंमत म्हणून वहीत लिहिलं: समजा, हा माणूस आहे. हजेरीवहीप्रमाणे तो रोज नऊला कामावर असतो. प्रत्यक्षात दहाच्या आत कधीच नसतो. दोन्ही खरं असू शकत नाही. म्हणून असा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या यंत्राच्या जागी हात धुण्याचं बेसिन होतं. नळाखाली जुना गंजाचा डाग. मालक म्हणाले, पॉलिश पहिल्यापासून तुम्हीच करता की. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने दार उघडलं. मला मूलबाळ नाही, म्हणाली, आणि का कोण जाणे, डोळे पुसत राहिली.

मला लाज वाटायला हवी होती. पण परतताना मनात एकच होतं, किती आटोपशीर जमलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदाच मन लावून ऐकलं, वही मागून घेतली. मी हरखलो.

रविवारी दुपारी ती टेबलाशी लिहीत बसली. मी वाकून पाहिलं.

समजा, मला नवरा आहे. माझी आई गेली त्या दिवशी नवरा दवाखान्यात आलेला असणार.



"इथे अडलंय," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही आला होतात ना? गर्दीत मला दिसला नाहीत, असं म्हणाला होतात."

नऊ वर्षं मी तेच सांगत आलो होतो. ती मानत आली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर वही तिथेच मिटली असती.

पण पुढची ओळ मला लख्ख दिसत होती. तेवढी एकच कमी होती.

"नव्हतो आलो," मी म्हणालो.

तिने ते लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली.

"किती सुंदर आहे," ती म्हणाली. खोलीत कोणी नसताना माणूस स्वतःशी बोलतो, तशा आवाजात.