निनावी साक्षीदाराचा खर्च

"कोर्टातले साहेब म्हणाले, असा फोन आलाच नव्हता. मी खोटं बोलतेय म्हणे," शिडीवाल्याची बायको म्हणाली. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती.

कात्रीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. समोर बसलेल्या मास्तरांनीही उगाच गंभीर चेहरा केला.

बाईंनी उमेदीची सगळी वर्षं कोर्टाच्या खर्च विभागात काढली होती. दावा जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून किती खर्च मिळावा, हे तिथे ठरतं. वकिलांनी फुगवून आणलेले आकडे बाई अशा छाटायच्या, की त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले. निवृत्तीनंतर त्या खाजगी तपासाची कामं घेत. शेजारचे मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते हौसेने बरोबर हिंडत. प्रत्येक प्रकरणात त्यांना पहिला संशय भलत्याच माणसाचा यायचा, आणि तो ते छातीठोकपणे बोलून दाखवायचे.

हकीकत साधी होती. शिडीवाल्याचा शिड्या बनवायचा कारखाना वडिलांनी उभारलेला. कारखान्यामागच्या जागेत वाटा मिळावा म्हणून सख्ख्या बहिणीने दावा लावला आणि ती जिंकली. कोर्टाने तिला खर्चही देवविला. खर्चाची सुनावणी होती त्या सकाळी शिडीवाल्याच्या घरी फोन आला, की आज काम निघणार नाही. तो गेला नाही. खर्च अधिकाऱ्यांनी सगळी रक्कम जशीच्या तशी मंजूर केली. आता कारखान्यावर जप्ती येणार होती.

"फेरतपासणीचा अर्ज केलाय. पण साहेब म्हणतात, फोन कोणी केला ते सिद्ध करा, नाहीतर अर्ज फेटाळतो. कारखाना गेला तर आम्ही रस्त्यावर येऊ हो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत."

"फोनवरचे शब्द आठवतात?"

"पाठच झालेत. 'खर्च विभागातून बोलतेय. तुम्ही त्यांच्या घरच्या ना? त्यांना सांगा, आपलं बिल आज लागणार नाही. पुढची तारीख कळवू. तुम्ही निरोप नक्की द्या.' बाईचा आवाज होता. घाईत होती."

"ओळखीचा?"

"या प्रकरणातल्या एकाही बाईशी मी कधी बोललेले नाही. नणंदेशीसुद्धा नाही. आमचं लग्न दावा लागल्यानंतरचं."

बाईंनी शिडीवाल्याने त्या खर्चावर घेतलेल्या हरकतींची प्रत मागून घेतली. वकील परवडत नव्हता म्हणून त्याने त्या स्वतःच लिहिल्या होत्या. 'या झेरॉक्स कशाच्या?' 'हा प्रवास कुठला?' असे सगळीकडे रोखठोक प्रश्न. 'साक्षीदाराशी भेटी' या बाबीपुढे मात्र एवढंच होतं: 'याचे पैसे लावू नयेत.' त्या ओळीवर बाईंचा अंगठा बराच वेळ टेकलेला राहिला.

"बहिणीच्या वकिलाचंच काम आहे हे!" ती गेल्यावर मास्तर म्हणाले. "समोर कोणी नसलं की रान मोकळं."

"चला, विचारून येऊ," बाई म्हणाल्या.

खर्च विभागातली कारकून आपल्या जुन्या साहेब कात्रीबाईंना बघून उठून उभी राहिली. मास्तरांनी विचारलं, "शिडीवाल्याच्या बिलाबद्दल फोन तुम्ही केला होता?"

"बिल दुकानदाराचं असतं. इथे खर्चपत्रक म्हणतात," ती फणकारली. "आणि आम्ही कुणाला फोन करत नाही. तारीख फलकावर लागते."

"त्या दिवशी काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वकिलांनी खर्चाच्या कामातले एक बडे वकील खास आणले होते. त्यांची फी ऐकून भोवळ यावी. समोर कोणी नाही म्हटल्यावर बिचारे डुलक्या काढत बसले."

"शिडीवाला आला असता तर?"

"तुम्हाला माहीतच आहे की. हरकत घेतलेली एकेक बाब वाचली गेली असती. साक्षीदार कोण, कशासाठी भेटला, सगळं भर खोलीत सांगावं लागलं असतं. तो आला नाही, मग विचारणार कोण?"

वकिलांचं कार्यालय एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. मास्तर धापा टाकत पोहोचले. वकील कोर्टात गेले होते. त्यांची सेक्रेटरी टेबलामागून उठली नाही.

"आमचं बिल मंजूर झालंय. आता काय तक्रार आहे त्यांची?"

"ते साक्षीदार कोण होते?" बाईंनी विचारलं.

"नाव मी सांगणार नाही. कोर्टात बोलावलंच नाही शेवटी, तब्येत खालावली म्हणून." मग तिचा आवाज जरा उतरला. "हाल बघवत नव्हते पण. कुणीतरी पाठीवर घेऊन यायचा आणि दाराबाहेर टेकवून खाली निघून जायचा. जिन्यावर त्याचं एक पाऊल हलकं पडायचं, एक जड. आम्ही कधी बघितला नाही त्याला."

शिडीवाल्याची बहीण औषधाच्या दुकानात काम करत होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिने दोघांना आतल्या स्टुलांवर बसवलं. फोनचा विषय निघताच तिने खोक्यांची रास पुन्हा लावायला घेतली.

"मी कशाला फोन करू? आमचं बोलणं नाही." मग तिला राहवेना. "तुम्ही घरी गेला होता? आई कशी आहे? थोडा वेळ बसवतात ना तिला? आणि आपल्या कारखान्यात ते करवतीचं जुनं यंत्र अजून आहे? त्यानेच दादाचा पाय कायमचा अधू केला. काढून टाक म्हणावं."

बाहेर येताना मास्तरांचे डोळे ओले होते. "हिचा काही संबंध नाही. मी लिहून देतो."

"नका देऊ," कात्रीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

फेरतपासणीच्या दिवशी खर्च अधिकाऱ्यांच्या खोलीत सगळे जमले. एका बाजूला वकील, त्यांची सेक्रेटरी आणि बहीण. दुसऱ्या बाजूला शिडीवाला आणि त्याची बायको. लंगडत आत आल्यापासून त्याने बहिणीकडे बघितलं नव्हतं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. मनातून त्यांना वाटत होतं, बाईंचा अंदाज या वेळी तरी चुकावा.

"कोणी केला फोन?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"या विभागाने नाही," कात्रीबाई म्हणाल्या. "इथे बिल हा शब्द कुणी उच्चारत नाही. वकील साहेबांच्या कार्यालयानेही नाही. समोरचा येणार नाही हे ठाऊक असतं, तर त्यांनी एवढी फी मोजून बडे वकील आणले नसते. तिथे या कागदाला 'आमचं बिल' म्हणतात. फोनवरची बाई मात्र 'आपलं बिल' म्हणाली."

"आदराने म्हणाली असेल. आपलं म्हणजे तुमचं," वकील म्हणाले.

"सगळा वेळ 'तुम्ही, तुम्ही' करणारी बाई मध्येच एकदा 'आपण'वर येईल? आणि बिल हरणाऱ्याचं नसतंच, जिंकणाऱ्याचं असतं. तेव्हा हे 'आपलं' म्हणजे तुमचं-माझं मिळून एक. ज्या घराशी भांडतेय त्या घरालाही आपलं म्हणणारी बाई या प्रकरणात एकच आहे. दावा लावूनसुद्धा ती अजून 'आपला कारखाना' म्हणते."

बहिणीने मान खाली घातली. "मीच केला," ती म्हणाली.

शिडीवाल्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोर्टाच्या नावाने खोटा निरोप? कशासाठी? कारखाना हवा होता?"

"नाही हो! पैसे मला नकोच होते. वकील साहेब म्हणाले, फी समोरूनच वसूल करू, म्हणून बिलावर सही केली. ती साक्षीदाराची बाब गुपचूप मंजूर होऊ दे, मग वसुली सोडून देते, असं मला वाटलं. जप्ती येईल हे कळलंच नाही."

बाई शिडीवाल्याकडे वळल्या. "यांना भीती होती, तुम्ही त्या साक्षीदाराचं नाव विचाराल. पण तुमच्या हरकतीत तो प्रश्नच नाही. झेरॉक्स कशाच्या विचारलंत, प्रवास कुठला विचारलात. साक्षीदार कोण, हे का नाही विचारलंत?"

"माहीत असलेल्या माणसाचं नाव काय विचारायचं?" शिडीवाला म्हणाला. "आई होती ती."

बहिणीने झटकन वर बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"मीच न्यायचो की तिला. पाठीवर. ती म्हणाली, पोरीलाही वाटा मिळायला हवा, हे मला त्या वकिलाला सांगायचंय, ने मला. मला पटत नव्हतं, म्हणून मी लढलो. तिला पटत होतं, म्हणून तिला नेलं. मी आणतो हे हिला सांगू नको, असं वर आईलाच बजावलं."

"मला वाटलं, तुला कळलं तर तिच्याशी बोलणं टाकशील. ती तुझ्याच घरी पडून आहे रे."

"आणि मग हरकत कसली होती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

शिडीवाल्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साहेब, माझ्या आईने मनातलं बोलायचे पैसे लावलेत यांनी. कारखाना विकून बाकीचे देईन. ते देणार नाही."

मास्तर खिडकीतून बाहेर बघू लागले.

अधिकाऱ्यांनी जुना हुकूम रद्द करून फेरतपासणी मंजूर केली. जप्ती थांबली. खोट्या निरोपाबद्दल काय करायचं ते नंतर बघू, असं त्यांनी बहिणीला करड्या आवाजात बजावलं.

"खर्च मला नको," ती वकिलांना म्हणाली. "तुमची फी मी देईन. हप्त्याने."

"आधी माझ्याकडून छाटून घ्या," कात्रीबाई म्हणाल्या. वकिलांना ते आवडलं नाही.

व्हरांड्यात बहीण भावापासून चार हात लांब उभी राहिली. भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "आई रोज विचारते, आज ती आली का. मी सांगतो, कामात आहे."

"आज काय सांगशील?"

"आज मी नाही सांगणार. तू घरी चल, तिच्या खोलीत जा आणि तूच सांग, एवढे दिवस कुठे होतीस ते."

तिला रडू आवरेना. वहिनीने तिची पिशवी आपल्या हातात घेतली आणि तिघं जिना उतरू लागली.