बंद फोनातले निरोप

“आई, मेंढ्या पोचल्या गं वरती… ऐकतेस ना?”

सहा वर्षं झाली, तरी तो वाऱ्यात फाटलेला आवाज जिबेकच्या कानातून गेला नव्हता. डोंगरातल्या सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावरून तिलेकने आईला लावलेला फोन चुकून बिश्केकमध्ये हिला लागला होता.

“मी तुमची आई नाही हो.”

“मग तिला निरोप तरी द्या. रेंज पुन्हा कधी मिळेल, कुणास ठाऊक.”

तिने निरोप दिला. त्यातूनच ओळख झाली, आणि ओळखीतून दोघांची कंपनी उभी राहिली. रेंज येईपर्यंत निरोप जपून ठेवणारी, रेंज आली की पोचवणारी. बघता बघता चाळीस माणसं झाली. आज दुपारी ती इस्तंबूलच्या लोकांना विकायची होती, आणि अटीप्रमाणे तीन वर्षं त्यांच्याकडे राहायला तिलेक जाणार होता.

बाहेर चिनारांवर दंव गोठलं होतं. कचेरीच्या शेजारच्या खोलीत आशीर्वाद द्यायला म्हातारी मंडळी जमली होती. तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बोर्सोकचा वास दरवळत होता. तिलेकने मात्र खणातला जुना, चाचणीचा फोन काढून चार्जिंगला लावला. जिबेक पुढे सरकली.

“या एका नंबरावर दोनशे बारा निरोप अडकलेत. सगळे तुझे,” तो हसला. “एवढं काय लिहिलंस? माझ्या स्वयंपाकाला नावं?”

“चाचणी होती ती… पुसून टाक.”

“न पोचवता पुसायचं नाही, हा नियम कुणाचा? तुझाच ना, बाईसाहेब?”

बंद फोन कधी सुरूच होणार नाही, म्हणून तर त्यावर पाठवलेल्या निरोपांत तिने तिलेकसाठी मन ओतलं होतं. त्याने ते वाचलं आणि सही करायला नकार दिला तर? चाळीस घरं विक्रीच्या पैशांची वाट बघत होती. आणि वाचलं नाही तर—

फोनचा पडदा उजळला. तिने झटकन त्यावर तळवा ठेवला.

“हात केवढा गार पडलाय तुझा.”

“भीती वाटतेय.”

“विक्रीची?”

“तू वाचशील याची… न वाचता निघून जाशील याचीही.”

तिलेकच्या चेहऱ्यावरची थट्टा विरली. त्याने हळूच फोन पालथा केला.

“नाही वाचत. तू सांग.”

दारावर टकटक झाली. “अरे, आशीर्वादाला हात पसरून बसलेत सगळे, येताय ना?”

तो हलला नाही.

“सही कर,” ती म्हणाली. “पण मला मागे ठेवून जाऊ नकोस, तिलेक… माझं प्रेम आहे तुझ्यावर.”