बोटं आत

कंदिलाची वात जरा खाली घ्या. दार लोटून घ्या, वारा येतोय. सांगतो, पण मधेच कुणी "मग?" म्हणायचं नाही. मग काय झालं ते ज्याच्या घरी झालं त्यालाच नीट कळलेलं नाही, तर आपण कोण.

गोष्ट हौशीराम फोटोवाल्याची. लोणावळ्याच्या गावठाणात दोन खोल्यांत राहायचा. आपल्या भांड्यांच्या दुकानाचं दरसाल लग्नसराईआधी छापील पत्रक निघतं, त्यातले फोटो त्याच्याच हातचे. माणसांचे फोटो काढणारे बाजारात तिघं-चौघं होते. पितळेचा फोटो मात्र हौशीरामनंच काढावा.

तुम्हांला वाटेल, भांडं तर जागचं हलत नाही, त्यात काय अवघड? अरे, चिंच लावून घासलेलं घंगाळ म्हणजे आरसा. त्याच्या पोटात खिडकी दिसते, दोरीवरचं धुणं दिसतं, आणि मधोमध कॅमेऱ्यामागं वाकलेला फोटोवाला. एका साली आपण मोठेपणा करून पुण्याचा माणूस आणला होता. त्यानं आपल्या हंड्यांच्या पोटात स्वतःची बनियन छापून दिली. गिऱ्हाईक हंडा बघायचं सोडून बनियनची भोकं मोजायचं.

हौशीरामची रीत वेगळी होती. काम रात्रीचं. खोलीत पुरता अंधार करायचा, घंगाळ पाटावर, समोर कॅमेरा. कॅमेऱ्यापुढं काळं कापड, त्याला भिंगापुरतं भोक. मग भिंगावरचं झाकण काढून ठेवायचं आणि बॅटरीचा उजेड बाजूच्या पांढऱ्या धोतरावर मारायचा. धोतरावरनं परतलेला मऊ उजेड भांड्यावर पडतो. आठ मिनिटं असं चालायचं. तेवढ्या वेळात अंधारातनं माणूस इकडं तिकडं फिरला तरी कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर त्याचा मागमूस राहत नाही. जे हलतं ते उमटत नाही, जे स्थिर राहतं तेच उमटतं. एवढं ध्यानात ठेवा.

आणि चिंच लावून भांडं घासायची, ते काळं कापड धरायची ती त्याची बायको. सरुबाई, आंदर मावळातली. कापडामागं उभी राहून दोन्ही हातांनी वरची टोकं ताणून धरायची, आठ आठ मिनिटं. पण अंगठे सोडून बाकीची बोटं कापडाच्या कडेवरनं पुढं यायची आणि भांड्यात पांढरे ठिपके पडायचे. म्हणून झाकण काढण्याआधी हौशीराम दोन हुकूम सोडायचा. "बोटं आत." मग, "हलू नकोस." दुसऱ्या हुकमाला तिच्या बांगड्यांची किणकिण थांबायची, की त्यानं झाकण काढायचं.

तिच्या डाव्या हाताची करंगळी भातकापणीत विळ्यानं गेलेली, लहानपणीच. हौशीराम चेष्टा करायचा, "तुला सातच बोटं आत घ्यायचीत, तरी जमंना व्हय?"

ती म्हणायची, "कापड टाकून देईन, मग तुमचंच थोबाड ईल घंगाळात."

सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या या माणसाकडं बायकोचा एकही फोटो नव्हता. फोटोनं आयुष्य कमी होतं असं तिच्या मनानं घेतलेलं. समोर उभी केली की पदर तोंडावर ओढायची. कापडामागं मात्र हसत उभी राहायची.

एकाहत्तर साली डिसेंबरच्या तीन तारखेला, संध्याकाळी रेडिओवर लढाईची बातमी आली, त्याच संध्याकाळी सरुबाई गेली. चार दिवसांचा ताप. मूलबाळ नव्हतं.

हौशीराम रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट आहे. घट्ट कसला, त्याच्या आत काही हलतच नव्हतं. पिठल्यात मीठ नसलं तरी कळायचं नाही. चहा हातावर सांडला, फोड आला, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं दाखवल्यावर यानं बघितला.

सासू, भागुबाई, दहा दिवसांसाठी येऊन राहिली होती. ती एकच विचारायची. "जावईबापू, सगळ्या मुलखाचं फोटू काढलं तुमी. माझ्या लेकीचा एक न्हाई? हार कशाला घालू मी? भिताडाला?"

 तिसऱ्या दिवशी विचारलं, सातव्या दिवशीही विचारलं. म्हातारीला दुसरं काही नको होतं, आणि याच्यापाशी नेमकं तेच नव्हतं.

अकरा तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी दहावं. दिवेलागणीला हौशीराम सायकल घेऊन दुकानात आला. म्हणाला, "शेठ, पत्रकाचं घंगाळ राहिलंय. द्या, आज काढून टाकतो."

म्हटलं, "अरे, सुतक फिटू दे. घंगाळ कुठं पळून चाललंय?"

"हाताला काम द्या," म्हणाला. बस, एवढंच.

चिंचेनं निघत नाही असं सुतक आपण अजून पाहिलेलं नाही. सर्वांत मोठं घंगाळ दिलं. सायकलला बांधून तो अंधारातनं निघून गेला. अंधार म्हणजे खराच. अंधारपट चालू होता. रस्त्यावर दिवा नाही, खिडक्यांना काळे कागद. चंद्र उगवायला मध्यरात्र टळायची होती.

घरी भागुबाईनं त्यांच्या घरची रीत मांडली होती. सरुबाई बाहेरच्या खोलीत जिथं गेली, तिथं जमिनीवर तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातलेली. जवळ समई. दहाव्याच्या सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणतात.

म्हातारी आत चुलीपाशी झोपली. अकराच्या सुमारास मालगाडी घाट चढून वर आली, तिचा आवाज मावळला, आणि हौशीराम कामाला लागला. पाट, घंगाळ, कॅमेरा, धोतर. काळं कापड त्यानं सुतळीवर टाकलं, दोन चाप लावले. मधे झोळ पडला. ताणून पाहिलं, पुन्हा झोळ. राहू दे म्हणाला.

घंगाळाच्या गळ्यावर एक ठिकाण फार चमकत होतं. अशा जागी तो पावडर चोपडायचा. डबा उघडला तर रिकामा. पावडर संपली की सरुबाईच आणायची. पीठही चालतं, पण पिठाचा डबा आत, म्हातारीच्या उशाशी.

त्यानं टोपली एका कडेनं उचलली. हात आत घातला. चिमूटभर पीठ घेतलं.

असं कुणी करत नाही. शहाणा माणूस त्या टोपलीला पायसुद्धा लागू देत नाही. पण त्याला काहीच वाटलं नाही. पीठ ते पीठ. गळ्यावर चोपडलं, चमक मेली. टोपली होती तशी ठेवली.

समई त्यानं आतल्या खोलीच्या दाराआड नेऊन ठेवली, दार लोटलं.

अंधार.

चाचपडत कॅमेऱ्यापाशी आला. एक हात झाकणावर. आणि नऊ वर्षांच्या सवयीनं तोंडातनं निघून गेलं...

"हलू नकोस."

किणकिण थांबली.

थांबली, तेव्हा त्याला कळलं, की इतका वेळ ती चालू होती.

हात झाकणावर तसाच. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. भीती वाटली का, विचारलं आपण त्याला. म्हणाला, "न्हाई शेठ. कायच वाटंना. तेच वाईट."

त्यानं झाकण काढलं.

बॅटरी धोतरावर लावली. मनात आकडे मोजायला लागला. साठ. एकशेवीस. उजेड हळूहळू फिरवत होता. मधेच कोपर कापडाला लागलं.

झोळ नव्हता.

कापड ताठ... तबल्याच्या चामड्यासारखं.

तो बाजूला सरकला. मागं वळून बघितलं नाही. एकशेऐंशी. दोनशेचाळीस. खोलीत चिंचेचा वास होता. भांडं तर दुकानातच घासलेलं.

तीनशे.

बोलावंसं वाटलं. काय बोलणार... बोललं तर ती हलेल. हललं तर उमटत नाही.

चारशे.

...

चारशेऐंशी. झाकण लावलं.

 मग समई परत आणली. कापड सुतळीवर. दोन चाप. मधे झोळ.

सकाळी दहाव्याला निघण्याआधी भागुबाईनं टोपली उचलली. पिठावर पाऊल नव्हतं, पाखराचा पाय नव्हता, काही नव्हतं. चिमूट घेतल्याचे दोन खळगे होते.

"हितं हात कुणी घातला?" म्हातारीनं विचारलं.

"मी," हौशीराम म्हणाला. "फोटोसाठी."

"दोनदा?"

 त्यानं एकदाच घातला होता.

नदीवरनं आल्यावर, दुपारी, त्यानं प्लेट धुतली, फोटो छापला. ओलाच आपल्याकडं घेऊन आला. घंगाळ असं आलं होतं की हात लावावा. पोटात काळोख, एक रेघ नाही, खिडकी नाही. फक्त त्यात दिसणाऱ्या कापडाच्या वरच्या कडेला बारीक ठिपके. आपण म्हटलं, पीठ उडालं असेल, पुसून टाकायला सांगू. छपाईचे ठसे करणाऱ्या पुण्याच्या ब्लॉकवाल्यानं पुसलेही. पत्रकात जे घंगाळ छापलं ते स्वच्छ आहे, दुकानात आहे, बघा हवं तर.

पण त्यानं त्या प्लेटवरनं आधी एक फोटो काढून ठेवला होता, काही न पुसलेला. तो भागुबाईच्या हातात दिला. म्हणाला, "मामी, एवढाच हाये."

म्हातारी चिडली. "ह्ये तर घंगाळ हाये." मग त्यानं भिंग दिलं. तिनं उजेडात धरून बघितलं. खूप वेळ बघितलं. बोट टेकवत काहीतरी मोजलं. मग फोटो पदरात गुंडाळला आणि गाडी धरली.

हौशीराम अजून पितळेचे फोटो काढतो. कापड सुतळीवर टाकतो, झोळ पडू देतो. झाकण काढण्याआधी एकच हुकूम सोडतो, दुसरा. पुन्हा कधी काही उमटलं नाही.

गेल्या माघात आपण तांदळाच्या सौद्याला आंदर मावळात गेलो होतो, तेव्हा भागुबाईच्या घरी चहा झाला. समोरच्या भिंतीवर चौकट आहे. आत एक घंगाळ. चौकटीला ताजा झेंडूचा हार, कुंकवाचा ठिपका. पाहुणे हसतात म्हणे. म्हातारी कुणाला काही सांगत नाही. भिंग मात्र खाली खुंटीला टांगलेलं असतं.

आपण लावून बघितलं. कापडाच्या कडेवर पिठाचे पांढरे ठिपके आहेत. पीठ होतं म्हणून दिसतात, नाहीतर त्या अंधारात काय दिसणार.

उजवीकडं चार.

डावीकडं तीन.