दोन रात्रींचाच तर प्रश्न

स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये प्लग एकच होता, आणि त्यात कोणाचा तरी फोन लावलेला होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, फोन सरळ काढून ठेवला आणि आपली बॅटरी लावली.

"अहो मॅडम… शेवटची घरघर लागली होती हो त्याला!" मागून आवाज आला.

"मग जाऊ द्या बिचाऱ्याला सुखानं," ती म्हणाली. "माझं काम जास्त महत्त्वाचं आहे."

आवाजाच्या मांडीवर चष्म्याच्या काचांची पेटी होती. गावोगावच्या दुकानांत काचा विकायचा तो. स्वतःचा चष्मा मात्र डोक्यावर सरकवलेला, आणि डोळे… जाऊ दे. डोळ्यांकडे तिनं दुसऱ्यांदा पाहिलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

"काय काम करता?"

"काटे तपासते. सरकारी नोकरी."

"पायात मोडलेले?"

"दुकानातले! माप खोटं निघालं की दंड करते."

"बाप रे… मग खरंच बोललेलं बरं. मघापासून मी तुमच्याकडेच बघतोय."

ती हसली नाही. म्हणजे हसली, पण बॅगेत डोकं घालून.

"आणि हा एवढा डबा कसला?"

"हा? वजनाचंच यंत्र आहे," ती म्हणाली. लोकांची खोटी मापं पकडणाऱ्या बाईनं पहिल्याच भेटीत माप मारलं ते असं!

यंत्र होतं तिच्या श्वासाचं. झोपेत तिचा श्वास थांबायचा, तासाला तीसेक वेळा. स्लीप अ‍ॅप्निया. रात्री नाकावर मास्क चढवायचा, मग त्या डब्यातली हवा तिला सकाळपर्यंत सांभाळायची. नोकरी फिरतीची, गाडीतल्या प्लगचा भरवसा नाही, म्हणून ही बॅटरी. शिवाय लांब वायर, डिस्टिल्ड पाण्याची बाटली, डॉक्टरांची चिठ्ठी… एकटीच्या प्रवासाला दोघांचं सामान व्हायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "लोक प्रवासातच मशीन घरी ठेवतात, आणि प्रवासातच पस्तावतात." ते तिला पटलेलं होतं. पण एक जमत आलेलं स्थळ 'मुलगी घोरते' म्हणून मोडलं होतं, आणि मध्यस्थानं ती बातमी चार गावांत पोचवली होती. तेव्हापासून तिनं या बाबतीत तोंड शिवून घेतलं होतं.

त्यानंतर दर मंगळवारी तो वेटिंग रूममध्ये असायचाच. प्लगपाशी पेटी ठेवून जागा अडवायचा आणि ती आली की ऐटीत उठायचा. "या काटेवाली. सिंहासन मोकळं आहे." तिला उशीर झाला की त्याचा चहा गार व्हायचा, आणि त्याला उशीर झाला की हिचं घड्याळ उगाच मागे पडल्यासारखं वाटायचं. सहा महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती त्याच्यावर जीव टाकायला लागली होती, आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

"आईला भेटायला चल," एका मंगळवारी तो म्हणाला. "रात्रीच्या गाडीनं जाऊ… दोन दिवस राहू."

तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तो हसला. "एवढंच? मला वाटलं, नवरा-बिवरा आहे की काय तुला! अगं, चालवून घेईन मी."

चालवून घेईन. शब्द जरा टोचला. पण आनंदाच्या भरात तिनं तो गिळला.

"फक्त… या खेपेला ते मशीन नको आणूस," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच भेटीत आई घाबरेल गं. दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे. आणि मी आहे ना बरोबर!"

प्रेमात शहाण्याची अक्कल गहाण पडते. हिची तर व्याजासकट पडली. डबा घरी राहिला.

सकाळी गाडीत जाग आली तेव्हा डोकं दगडासारखं जड होतं आणि घशाला कोरड पडली होती. डोळे उघडणार, तोच वरच्या बर्थवरून कोणीतरी म्हणालं, "काल इंजिन पुढे लावायचं विसरले वाटतं, आपल्याच डब्यात ठेवलं!" सगळे खो खो हसले. त्यात त्याचंही हसू तिनं ओळखलं.

"हसता काय?" समोरच्या काकू फटकारून म्हणाल्या. "दोनदा श्वास थांबला पोरीचा. मी उठून हलवलं. काय हो, तुमच्याबरोबर आहे का ही?"

"नाही, नाही," तो म्हणाला. "मी एकटाच आहे."

तिनं डोळे मिटूनच ठेवले. उघडले असते तर पाणी बाहेर आलं असतं.

त्याचं स्टेशन आलं. माणसं दाराकडे गेल्यावर तो लगबगीनं परत आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ऊठ ना… आई आलीय फलाटावर."

"मी ऐकलं सगळं."

"अगं, लोक हसत होते… मला सुचलंच नाही काही. चुकलं माझं."

"आईंना सांगशील मशीनचं? आत्ता, माझ्यासमोर?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. एक ठेंगणीशी बाई टाचा उंचावून डबे धुंडाळत होती. गाडीनं धक्का दिला, आणि तो एकटाच उतरला.

दहा मिनिटांत फोनवर निरोप आला. 'पुढच्या स्टेशनवर उतर. मी गाडी घेऊन येतो. आईला सगळं सांगतो, शपथ.'

तिचं मन लगेच त्याची वकिली करू लागलं. चारचौघांत लाजला, एवढंच ना! कोण लाजत नाही? तिनं लिहिलं, 'बरं. उतरते.' ती पाठवणार, तोच काकू तिच्याकडे वळल्या.

"ओळखीचा होता का गं तो?" काकूंनी विचारलं.

"लग्न करणार होतो आम्ही." ती ओशाळून हसली. "करणार आहोत."

काकूंचा चेहरा उतरला.

"सांगू नये खरं तर… पण रात्री तुझा श्वास अडकला ना, तेव्हा मी घाबरून त्यालाच हाक मारली. म्हटलं, 'अहो, जरा दिवा लावा.' जागा होता गं तो. टक्क डोळे उघडून तुझ्याकडेच बघत होता."

"मग?"

"मग चादर डोक्यावरून घेतली त्यानं."

तिनं लिहिलेलं एकेक अक्षर खोडलं आणि फोन बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला. मग रडली, डब्यातल्या लोकांना काय वाटायचं ते वाटू दे म्हणून हुंदके देऊन रडली. रात्रभराची थकलेली, डोळे आपोआप मिटायला लागले.

"काकू," ती म्हणाली, "मला झोप लागली तर… हलवाल ना?"

"हलवीन गं. तू झोप."

पुढचं स्टेशन कधी येऊन गेलं ते तिला कळलं नाही.