नीलिमाने झाडलेली रांगोळी

सिल्वासाच्या मराठी मंडळात एकोणनव्वदच्या दिवाळीला रांगोळीची स्पर्धा होती. परीक्षक होती नीलिमा, शाळेतली चित्रकलेची बाई. शेवटच्या चौकटीत तिला नुसतेच रंग सांडलेले दिसले. तिने झाडू घेतला आणि चौकट लख्ख केली.

“मॅडम... ती माझी रांगोळी होती.”

झाडू तिच्या हातातून गळून पडला. मागे उदय उभा होता, जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यातला इंजिनियर, कोपरापर्यंत गुलाबी.

“रांगोळी? ना ठिपका, ना रेघ—”

“डोळे मिटून वरून रंग सोडले. आर्प नावाचा चित्रकार कागदाचे कपटे असेच टाकायचा, पडतील तिथे.”

“आणि लोक बघायचे?”

“लोक चिडायचे. तेच तर हवं होतं आर्पच्या टोळीला.”

भरपाई म्हणून तिने त्याला चहा पाजला. मग दमणगंगेच्या पुलाजवळच्या टपरीवर तो चहा नेहमीचाच झाला. उदय सांगत राहायचा... एकोणीसशे सोळा साली पहिलं महायुद्ध पेटलेलं, देशोदेशीची पळून आलेली पोरं झुरिचमध्ये जमलेली. ह्यूगो बाल नावाच्या कवीने आणि त्याच्या मैत्रिणीने, एमीने, तिथे छोटीशी मैफल मांडली. एमी गायची. बाल एकदा पुठ्ठ्याचा पोशाख चढवून अर्थ नसलेले शब्द म्हणाला. पोशाख इतका ताठ, की त्याला उचलून मंचावर आणावं लागलं.

“शहाणी माणसं तोफा डागत होती,” उदय म्हणाला, “म्हणून यांनी वेडेपणा पत्करला. चळवळीचं नाव दादा.”

“मग तुम्हालाही दादाच म्हणते.”

“तेवढं... नका म्हणू.” त्याचे कान लाल झाले. पण त्यापुढे त्याची गाडी काही सरकेना.

आणि एका रविवारी नाशिकहून अप्पा आले. बँकेतला एक मुलगा त्यांनी पसंत केला होता, लेकीचा होकार घेऊनच ते परतणार होते. नीलिमाने उदयला निरोप धाडला, येऊन अप्पांशी बोला. तो आला, आणि कारखान्यातल्या मशिनींबद्दल बोलत बसला. झुरिचच्या गोष्टी सांगणारा हाच का तो?

“अप्पा,” ती म्हणाली, “मला बँकेतला मुलगा नको. मला हे हवेत.”

उदयच्या कपातला चहा बशीत सांडला. अप्पांचा चष्मा नाकावर घसरला, तो सावरायचंही त्यांना सुचेना.

“तुम्ही काही बोलणार,” त्यांनी अखेर उदयला विचारलं, “की तुमचंही हीच सांगणार?”

उदय उठून उभा राहिला. “मला... म्हणजे मलाही... नीलिमाच हवी.”

अप्पांनी चष्मा वर सरकवला.

“बसा,” ते म्हणाले. “आता मशिनी पुरे. घरी कोण कोण असतं, ते सांगा.”