दोन गाण्यांच्या मधली जागा

माझा जुना फोन मी टिकलीला दिला तेव्हा स्वतःवर फारच खूश होतो. काचेला कोपऱ्यात तडा गेला होता, पण सहा वर्षं त्या फोनने माझी निम्मीअधिक बडबड ऐकली होती आणि त्याला भंगारात काढायचं जिवावर आलं होतं. सिम काढलं, आतलं सगळं पुसलं, इंटरनेट बंद केलं. तेवीस गाणी भरली. दोन गाण्यांमध्ये बरोबर दोन सेकंदांची शांतता ठेवली आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर जाणारच नाही अशी सोय केली. लोकांचे कान तपासणं हाच माझा धंदा. स्वतःच्या लेकीच्या कानांशी मी खेळ करणार नव्हतो.

टिकली पावणेपाच वर्षांची. निळे हेडफोन लावून ती खिडकीखाली बसायची आणि शेजारच्या टेबलावर मी पेशंटचे अहवाल लिहायचो. दर दोन मिनिटांनी ‘बाबा, बाबा’ चालायचं, ते थांबलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला ओ देणं बंद केलं. हेडफोन कानावर नसले तरी बाईसाहेब ढिम्म. आईने हाक मारली की मात्र धावत जायची.

“जगाचे कान तपासतोस,” बायको म्हणाली. “घरचे कधी तपासणार?”

“खेळात गुंग असते गं ती.”

“मला बरी ओ देते.”

तेव्हा मी चपापलो. बायकोचा आवाज वरच्या पट्टीतला, माझा खर्जातला. काहींचं खालच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं. अशी मुलं मी पाहिली होती आणि त्यांच्या आईवडलांना समोर बसवून सांगितलंही होतं.

मी टिकलीसमोर फतकल मारून बसलो. “मी हाक मारतो तेव्हा ओ का देत नाहीस?”

“दिली की. मघाशीच.”

“मघाशी कधी?”

“दोन गाण्यांच्या मध्ये. तू तिथेच तर बोलतोस.”

“काय बोलतो मी?”

“सगळंच. तिथे तुला वेळ असतो.”

मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत असताना मी फोन दवाखान्यात नेला आणि यंत्राला जोडला. गाणी जशीच्या तशी होती. पहिल्या गाण्यानंतरची शांतता मात्र दोन सेकंदांची नव्हती, नऊ सेकंदांची होती. शेवटची सव्वा मिनिटाची. पडद्यावरची रेघ सरळ, म्हणजे आवाज काही नाही. ते सव्वा मिनिट मी कान देऊन ऐकलं. कुणीतरी बोलता बोलता थांबावं आणि आपण निघून जाण्याची वाट बघावी, तसं वाटत राहिलं.

मी फोन उघडला, बॅटरी काढली आणि दोन्ही खणात टाकून कुलूप लावलं.

ती रडून घर डोक्यावर घेईल म्हणून मी तयारीत होतो. तिने फोन मागितलाच नाही. नुसते हेडफोन लावून खिडकीखाली बसली. वायरचं टोक फरशीवर लोळत होतं. ती मान डोलवत होती, मधूनच खुदकन हसत होती.

रविवारी सकाळी दवाखाना बंद असतो. मी तिला घेऊन गेलो आणि बाहेरच्या दाराला आतून कडी लावली. तपासणीची खोली म्हणजे जाड दाराची, काचेच्या खिडकीची एक लहानशी पेटीच. आत बाहेरचा आवाज येत नाही. टिकलीला आत बसवून, तिच्या कानांवर तपासणीचा हेडफोन चढवून मी काचेच्या अलीकडे यंत्रापाशी बसलो.

“आवाज आला की बोट वर करायचं. बारीक असला तरी.”

खर्जापासून सुरुवात केली. बोट वर. आणखी बारीक. बोट वर. मोठ्या माणसांना सहसा येत नाही इतकं बारीकही तिला ऐकू येत होतं. तिचे कान ठणठणीत होते. माझे डोळे भरून आले.

तिने बोट वर केलं.

मी काही वाजवलं नव्हतं.

मुलं अंदाजाने बोट वर करतात. मी थांबलो. यंत्र बंद केलं.

बराच वेळ गेला. तिने मान कलती केली आणि बोट वर केलं.

मी फक्त माइक चालू केला. “टिकले, काय ऐकू आलं?”

तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. शहाण्या मुलासारखं पाहिलं, दवाखान्यात आलेली मुलं पाहतात तसं.

“बाबा बोलतोय.”

“मीच बोलतोय गं. इकडे बघ.”

तिने मान हलवली. “तो म्हणतोय, झालं असेल तर चल.” मग अदबीने विचारलं, “जाऊ मी, काका?”

रोज वीस मुलं मला काका म्हणतात.

मी जाड दार उघडलं, तिच्या कानांवरचा हेडफोन काढला, तिला उचलून छातीशी धरलं. ती अंग आखडून राहिली.

“टिकले,” मी तिच्या कानाशी म्हणालो. “टिकले.”

तिने ओ दिली नाही. माझ्या खांद्यावरून ती कडी लावलेल्या दाराकडे बघत होती.

तिने बोट वर केलं.