दोन्ही पायांचा आकडा

तलावाच्या बांधावर चढ सुरू झाला तिथे तिने त्याला मागे टाकलं. विटलेला निळा टी-शर्ट, ताठ पाठ, आणि नजर हँडलवरच्या इवल्याशा पडद्यावर. ती शेजारून गेली तरी त्याने मान वळवली नाही. फक्त म्हणाला, "पुढे वारा आहे. सगळं इथेच संपवू नका."

"तुम्ही वर पोचलात की सांगा," असं म्हणून तिने सायकल दामटली.

चढ तिने जिंकला, पण पुढच्या उघड्या सपाटीवर वाऱ्याने तिचा पार भुगा केला. पायांत गोळे आले. तेवढ्यात मागून तोच निळा टी-शर्ट आला, त्याच लयीत, जणू मध्ये चढ लागलाच नव्हता. "पोचलो," एवढंच बोलून तो पुढे गेला... आणि मग जरा हळू झाला. तिला त्याच्या आडोशाला येता यावं, इतकाच.

ती वजनमापं तपासणारी निरीक्षक. बाजारात तिला काटेबाई म्हणत. तिची वजनांची पेटी उघडली की भले भले दुकानदार गोड बोलू लागत. तो अग्निशमन दलात शिडीवर चढणारा. एका आगीत जिना खचला आणि त्याची उजवी मांडी मोडली. तेव्हापासून तो केंद्रात फोन घेत बसला होता. पुन्हा शिडीवर जायचं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. डॉक्टरांनी सायकल सांगितली होती – झटके न देता, एकसारखा जोर लावून. म्हणून ही रविवारची फेरी.

ती फेरी मग दोघांची झाली. पाय किती जोर लावतात ते वॉटमध्ये दाखवणारं मीटर त्याच्या सायकलीच्या डाव्या बाजूला अपघाताच्या आधीपासून होतं. आकडा एकशे चाळीसवर ठेवायचा, त्याने शिकवलं. चढावर मोह होतो, तिथे स्वतःला आवरायचं. उतारावर पाय आळसावतात, तिथे फिरवत राहायचं. वेग हवा तसा बदलू दे, जोर बदलता कामा नये. तिनेही मीटर घेतलं, दोन्ही पेडलांत बसणारं.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय, भेटले का आज एकशे चाळीस?" ती चहा गाळता गाळता विचारायची, आणि दादा पेपरामागे हसू दाबायचा.

एकदा एका वळणावर तिची बाटली पडली. तो मागे जाऊन घेऊन आला, शर्टाला पुसली आणि म्हणाला, "धर." कालपर्यंत तो 'धरा' म्हणाला असता. त्यानंतर बराच वेळ दोघंही आपापल्या आकड्याकडे फारच लक्ष देऊन बघत होते.

मग त्याची शिडीवर परतण्यासाठीची चाचणी जवळ आली. पाठीवर वजन घेऊन शिडी चढायची, उतरायची. आदल्या रविवारी नेमकी त्याच्या मीटरची बॅटरी संपली. तिने पान्याने आपली पेडलं त्याच्या सायकलीला आणि त्याची आपल्या सायकलीला बसवली, पडदाही त्यालाच दिला.

"तुझं मीटर बिघडलंय," चढ संपल्यावर तो म्हणाला. नेहमीसारखाच जोर लावूनही आकडा एकशे दहाच्या वर जात नव्हता. तिने वाकून पाहिलं. डावा सत्तर, उजवा चाळीस. तिने पाना काढून आपली पेडलं परत घेतली.

घरी येऊन तिने पेडलं आपल्या सायकलीला लावली. पेटीतलं दहा किलोचं प्रमाणित वजन आधी डाव्या पेडलला टांगलं, मग उजव्या. दोन्ही पेडलं खरं बोलत होती.

खोटं बोलत होतं ते त्याचं मीटर. ते डाव्या पायाचा जोर मोजून त्याची दुप्पट दाखवायचं. दोन्ही पाय सारखे होते तोवर हिशेब बरोबर होता. आता उजव्याचं काम डावा ओढत होता, आणि मीटर दोघांनाही शाबासकी देत होतं. चाचणीत तो डाव्याच्या भरवशावर पासही झाला असता. पण पुढे कधी धुरात, कुणाला तरी खांद्यावर घेऊन, सगळा भार उजव्या पायावर आला असता तर...

गप्प राहणं सोपं होतं. सांगितलं तर तो रविवारी कदाचित येणार नाही, हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि त्याच्या फोनच्या टेबलापाशी उभं राहून तिने सगळं सांगितलं.

त्याने समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाला, "नसतं सांगितलंस तर?"

"तर बंबाची घंटा ऐकली की दरवेळी मला तुझा उजवा पाय आठवला असता."

फोन वाजला नव्हता, तरी त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला. ती निघाली.

पुढचा रविवार तिने एकटीने काढला. त्याच्या पुढचाही. आकडा एकशे चाळीसवरून जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचा तिला काडीचाही आनंद झाला नाही. वहिनीने चहा तेवढा पुढे केला.

त्यानंतरच्या रविवारी तो चढाच्या पायथ्याशी उभा होता. सायकलीला नवी पेडलं होती, दोन्ही बाजू मोजणारी. चाचणीतून आपण स्वतःहून नाव काढून घेतलं, त्याने सांगितलं. डॉक्टर उजव्या पायाला आणखी सहा महिने देत होते.

"रागावलास माझ्यावर?"

"आकड्यावर. फार जीव लावला होता मी त्याला." तो ब्रेकची तार उगाच चाचपत राहिला. "पण त्या मीटरची खोड मलाही आहे. एका बाजूचं मोजायचं आणि दुसरीकडेही तेवढंच असेल असं धरून चालायचं. इतके रविवार मी तेच केलं. माझ्या बाजूचं मला पक्कं माहीत आहे. तुझ्या बाजूचं... कधी विचारलंच नाही."

तलावावर वारा उठला होता. तिने हातमोजे घातले, काढले, परत घातले.

"काटेबाईला विचारतोयस. खरं तेच सांगेन."

"म्हणून तर इतके दिवस धीर होत नव्हता."

"तुझ्यापेक्षा कमी भरणार नाही," ती म्हणाली.

ते निघाले. त्याच्या पडद्यावर एकशे दहा होते. उजवीकडचा आकडा एक्केचाळीस दिसला तसं त्याने बोटाने तिला दाखवलं. तिने आपला जोर उतरवून त्याच्या बरोबरीला आणला. तिच्या एकशे चाळीसचं काय, त्याने विचारलं. वहिनीला तुझ्यासाठी नवं नाव शोधावं लागेल, ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तो मोठ्याने हसला.

चढ संपला. समोर उघडी सपाटी होती, आणि वारा. ती काही न बोलता जरा पुढे झाली. त्याला तिच्या आडोशाला येता यावं, इतकीच.